नाण्यांचे मोल जाणणारा पंडित

नाणी जमवणे हा छंद की गुंतवणूक, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. आजोबांच्या डब्यातून ब्रिटिश अमदानीतले रुपये बाहेर आले, की त्यांचे किती येतील, हेच आधी विचारले जाते. त्यात गैर काही नाही. चांदीला भाव आहे, दुर्मिळतेलाही आहे. मला मात्र अशा वेळी पंडित भगवानलाल इंद्रजी आठवतात.

त्यांचा जन्म १८३९ सालचा, जुनागढचा. तिथे गिरनारच्या वाटेवर एका खडकावर सम्राट अशोक, क्षत्रप राजा रुद्रदामन आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त यांचे लेख कोरलेले आहेत. या मुलाने प्राचीन लिपीचा तक्ता मिळवून ती अक्षरे स्वतःच लावली. त्याची हुशारी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांच्या कानी गेली आणि त्यांनी त्याला बोलावून घेतले. पुढे त्यांच्यासाठी भगवानलाल लेणी, डोंगर, गावे पालथी घालत देशभर फिरले. लेखांचे ठसे घेतले, नाणी जमवली. इंग्रजी बेताचेच होते. ते गुजरातीत लिहीत आणि डॉ. ब्यूलर यांच्यासारखे विद्वान त्याचे भाषांतर करीत.

त्यांचा खास जिव्हाळा पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर होता. अंगठ्याच्या नखाएवढे, जेमतेम दोन ग्रॅमचे चांदीचे नाणे. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला त्याचे आणि त्याच्या वडिलांचे नाव. पुष्कळ नाण्यांवर तर मानेमागे बारीक आकड्यांत शकाचे सालही असते. सराफ असे नाणे तागडीत टाकील. भगवानलालांनी ते वाचले. बापलेकांची नावे आणि साले जुळवत त्यांनी जवळजवळ तीन शतकांच्या राजवटीची वंशावळ मांडली. या कामी एखादे झिजलेले, बाजारात कवडीमोल ठरणारे नाणेही मोलाचे होते. त्यावरचा एक आकडा लागला, तरी एका राजाचे साल पक्के होई.

१८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत दगडी पेटी निघाली आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडे. त्यांच्यासोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते. म्हणजे ती ठेव त्या राजाच्या काळाआधीची असू शकत नाही! हेच नाणे कुणी गुपचूप काढून विकले असते, तर घेणाऱ्याला एक दुर्मिळ वस्तू मिळाली असती आणि स्तूपाची साक्ष कायमची गेली असती.

हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. नाण्यांचा संग्रह त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिला. क्षत्रपांवरचा त्यांचा निबंध रॅप्सन यांनी संपादित करून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. संग्रह सातासमुद्रापार गेल्याची हळहळ मला वाटते, पण तो फुटकळ विकला जाऊन विखुरला नाही, याचे समाधान अधिक आहे.

गुंतवणूक करणाऱ्याने खुशाल करावी. भाव चढतो तसा उतरतोही, एवढे ध्यानात ठेवावे. पण नाणे कुणाचे, कुठे आणि कशाबरोबर मिळाले, हे वहीत टिपून ठेवावे. चिंच लावून ते लख्ख घासू नये. त्याने अक्षर जाते आणि किंमतही. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार सरकारला कळवावे. मुलांच्या हाती नाणे देताना त्याचा भाव जरूर सांगा. पण त्यावर काय लिहिले आहे, ते आधी त्यांना वाचू द्या.