महात्मा गांधींची आजारपणे व शस्त्रक्रिया

मोहनदास करमचंद गांधी (२ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर – ३० जानेवारी १९४८, दिल्ली) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे नेते होते. त्यांच्यावर १९१९ साली मुंबईत गुदद्वाराच्या विकारासाठी आणि १९२४ साली पुण्यात आंत्रपुच्छाच्या दाहासाठी शस्त्रक्रिया झाली. दोन्ही वेळी प्रकृती सावरण्यास दीर्घ काळ लागला.

१९१८ चे आजारपण

१९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असताना गांधींना आमांशाने गाठले. औषध घेण्यास त्यांनी नकार दिला आणि आजार बळावला. पुढे हवापालटासाठी ते माथेरानला गेले. परंतु तेथील जड पाणी त्यांना मानवले नाही. आमांशामुळे नाजूक झालेल्या गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या व शौचाच्या वेळी असह्य वेदना होत. आठवडाभरातच त्यांनी माथेरान सोडले.

गुदद्वाराची चीर भगंदराहून वेगळी असते. भगंदरात आतून बाहेरपर्यंत नळीसारखा मार्ग तयार होतो. चीर ही त्वचेची उभी फाट असते. मात्र दोन्ही ठिकाणच्या जखमा सावकाश भरतात. शौच टाळता येत नाही, जागा कोरडी राहत नाही आणि मल कठीण असल्यास भरत आलेली जखम पुन्हा उकलते.

दुधाचे व्रत व पहिली शस्त्रक्रिया

मुंबईत शंकरलाल बँकर यांच्या आग्रहावरून डॉ. दलाल यांचा सल्ला घेण्यात आला. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. गाईम्हशींचे दूध काढताना होणाऱ्या क्रूरतेमुळे गांधींनी १९१२ साली दूध वर्ज्य केले होते. कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचविला. गांधींनी तो स्वीकारला. तथापि व्रताचे शब्द पाळले गेले तरी त्याचा आत्मा भंगला, ही खंत त्यांना कायम राहिली. थोडी शक्ती आल्यावर जानेवारी १९१९ मध्ये डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली व ती यशस्वी झाली. प्रकृती पुरती सुधारण्यापूर्वीच रौलट समितीचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि ते सत्याग्रहाच्या तयारीला लागले. सभेत उभे राहून भाषण करण्याची ताकद मात्र बराच काळ परतली नाही.

ससून रुग्णालय

येरवडा तुरुंगात शिक्षा भोगत असताना १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. कैदी दगावला असता तर देशभर सरकारवर संशय घेतला गेला असता. म्हणून गांधींनी श्रीनिवास शास्त्री यांच्या उपस्थितीत संमतिपत्रावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. जखमेत पू झाल्याने ती लवकर भरेना. अखेर ५ फेब्रुवारी रोजी सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकिनारी गेले व एप्रिलपासून ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचे संपादन त्यांनी पुन्हा हाती घेतले.