सावळ्या मरियेचा चित्रकार

मुंबईहून निघालेला रस्ता पनवेलला पोचला, की त्याला दोन मोठे फाटे फुटतात. एक खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याला जातो; दुसरा पेण, महाड करीत कोकणातून गोव्याला. मुंबई, पुणे आणि गोवा या तीन ठिकाणांनी ज्यांचे आयुष्य घडवले, त्यांत चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांचे नाव अगत्याने घ्यावे लागेल. गोव्याने त्यांना जन्म दिला आणि नाकारलेही, मुंबईने हातात कुंचला दिला, आणि पुण्याने आयुष्यभराचा आसरा दिला. ख्रिस्ती श्रद्धेला भारतीय चेहरा देणारा हा कलावंत १९६७ मध्ये पुण्यात निवर्तला. त्यांच्या चित्रांनी उभा केलेला प्रश्न मात्र अजून जुना झालेला नाही. देवाची करुणा रंगवायची, तर ती कोणाच्या चेहऱ्यावर रंगवायची, हा तो प्रश्न.

फोन्सेका यांचे मोठेपण ध्यानात यायचे असेल, तर आधी तैलरंगांची गोष्ट पाहावी लागते. युरोपीय चित्रकला आपल्याकडे आली ती मुख्यतः धर्मप्रसारकांच्या सोबतीने. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्र्यांचे पथक अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला गेले, तेव्हा त्यांनी मरियेचे चित्र बरोबर नेले होते. मोगल चित्रकारांनी अशा चित्रांच्या नकला केल्या. जुन्या गोव्यातील चर्चच्या वेदींमागे तैलरंगातील संत, देवदूत आणि क्रूसावरचा येशू दिसू लागले. गोरा वर्ण, सोनेरी केस, युरोपीय वस्त्रे, छायाप्रकाशाचा खेळ अशी त्यांची धाटणी होती. पुढे एकोणिसाव्या शतकात राजा रविवर्मा यांनी हेच परके माध्यम आत्मसात करून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला आणि दमयंती चितारल्या. त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या तसबिरी मराठी घराघरांतल्या भिंतींवर विराजमान झाल्या. म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या हात धरून आलेल्या तैलरंगांनी हिंदू देवदेवतांना घरोघरी पोचवले. इतिहासाचा विलक्षण योग असा, की ख्रिस्ताला भारतीय करू पाहणाऱ्या फोन्सेका यांनी मात्र तैलरंगांचा राजरस्ता सोडून कागद आणि जलरंगांची पायवाट धरली.

आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ चा, गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावरच्या गावातला. मांडवीच्या खाडीने वेढलेले हे गाव जुवे या जुन्या नावानेही ओळखले जाते आणि तिथल्या भेंडीची गोव्यात ख्याती आहे. घराणे सधन, जमीनदार आणि कट्टर कॅथलिक. अशा घरातल्या मुलाने डॉक्टर, वकील किंवा धर्मगुरू व्हावे, ही त्या काळची सर्वसाधारण रीत. त्यानुसार आंजेलो वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला आले खरे. पण मन रमेना. त्यांनी ते शिक्षण सोडले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला.

१८५७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पश्चिम भारतातील कलाशिक्षणाचे माहेरघर होती. समोर माणूस बसवून हुबेहूब रेखाटन, शरीररचनेचा अभ्यास, तैलरंगातील व्यक्तिचित्रण हा तिथल्या शिक्षणाचा कणा. गोव्याचेच आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) यांनी याच संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केले. तैलरंगांवरील त्यांचे प्रभुत्व असे, की त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हटले जाई. फोन्सेका यांच्यासारख्या गोमंतकीय तरुणापुढे यशाचा नमुना तयारच होता. व्यक्तिचित्रे करावीत, प्रदर्शनांत पदके मिळवावीत, धनिकांची आणि अधिकाऱ्यांची कामे घ्यावीत. फोन्सेका यांना मात्र हे शिक्षण आपले वाटले नाही. युरोपच्या नजरेने स्वतःच्या माणसांकडे पाहणे त्यांना रुचेना. त्यांनी जे. जे. सोडले आणि थेट बंगाल गाठला.

बंगालमध्ये तेव्हा कलेच्या क्षेत्रातले स्वदेशीचे वारे पूर्ण रूप धारण करून होते. अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांचे शिष्य नंदलाल बोस यांनी अजिंठा, राजपूत आणि मोगल लघुचित्रे यांच्याशी तुटलेला धागा पुन्हा जोडला होता. या दोघांच्या मार्गदर्शनाखाली फोन्सेका यांनी शिक्षण घेतले. तेथे त्यांच्या हाती आले ते वॉश पद्धतीचे जलरंग. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यास आलेल्या जपानी चित्रकारांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी ही पद्धत विकसित केली होती. कागदावर पातळ रंग द्यायचा, कागद पाण्याने भिजवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे थरावर थर मुरत गेले, की रंग कागदावर बसल्यासारखा न वाटता कागदातून उमलल्यासारखा वाटतो. तैलरंगांत वस्तूला वजन येते, मांसलपणा येतो. वॉशमध्ये ती धुक्यातून सामोरी येते. प्रार्थनेचा विषय रंगवू पाहणाऱ्या तरुणाला या पद्धतीची ओढ का वाटली असावी, हे वेगळे सांगायला नको. विनायक मासोजी हे महाराष्ट्रातील ख्रिस्ती चित्रकारही शांतिनिकेतनात नंदलालांच्याच छायेत घडले, हे इथे आठवते.

शिक्षण संपवून फोन्सेका गोव्यात परतले आणि ज्या कामासाठी ते तयार झाले होते त्याला त्यांनी हात घातला. त्यांची मरिया साडी नेसलेली होती, वर्णाने सावळी होती, आपल्याच एखाद्या वाडीवरची वाटावी अशी होती. आज यात कोणाला काही वावगे दिसणार नाही. त्या वेळी मात्र गोव्यातील धर्मसत्ता आणि प्रतिष्ठित समाज संतापला. पवित्र मातेचा हा अवमान आहे, असे मानले गेले. निजभूमीत या चित्रकाराला काम मिळणे तर दूरच, मानाने राहणेही अवघड झाले.

हा संताप केवळ आकसातून आलेला नव्हता. त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास होता. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतील हिंदू वळणाचे अनेक रीतिरिवाज, काही पेहरावासह, निषिद्ध ठरवले होते. ख्रिस्ती होणे म्हणजे आपले मूळ वळण टाकणे, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरली होती. उच्चभ्रू कॅथलिक घरांत युरोपीय पोशाख ही प्रतिष्ठेची खूण बनली. साडी उरली ती प्रामुख्याने शेतात राबणाऱ्या कुणबी, गावडा ख्रिस्ती बायांच्या अंगावर. तेव्हा मरियेला साडी नेसवणे म्हणजे तिला परधर्मीयांच्या पंक्तीला बसवणे होते; शिवाय वाड्यातल्या मालकिणीऐवजी शेतातल्या मजूर बाईच्या जागी तिला नेऊन ठेवणेही होते. फोन्सेका यांच्या चित्रांनी ही दुहेरी कळ दाबली. ख्रिस्ताची आई गरीब सुताराच्या घरातली होती, हे बायबल सांगते. त्यांनी ते शब्दशः घेतले, एवढाच त्यांचा अपराध.

वास्तविक असे धाडस याच भूमीत पूर्वी झाले होते, पण ते शब्दांत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. पुराणाचा थाट आणि ओवीची चाल घेऊन येशूचे चरित्र मराठी कानांना आपले झाले. मराठीत बोलणारा येशू लोकांनी स्वीकारला. भारतीय दिसणाऱ्या येशूसाठी मात्र आणखी तीन शतके वाट पाहावी लागली, आणि तो आला तेव्हा त्याच्या चित्रकाराला गाव सोडावे लागले.

फोन्सेका पुण्याला आले. शिवाजीनगर भागातील ख्रिस्तप्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना दार उघडले. या आश्रमाची कुळकथाही मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि १९२७ मध्ये तो पुण्यात आणला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भक्तीला भजन, कीर्तन आणि अभंगाची जी वाट दाखवली, तिचा विन्स्लो यांच्यावर खोल प्रभाव होता. टिळकांचे चरित्रही त्यांनी लिहिले. आश्रमात खादी वापरली जाई, शाकाहारी जेवण असे, जमिनीवर पंगत बसे. आदिवासींमध्ये आयुष्य वेचणारे व्हेरियर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघाचे सदस्य म्हणून. १९३४ मध्ये संघाची पुनर्रचना होऊन ख्रिस्तप्रेम सेवा संघ अस्तित्वात आला. पुढे मुंबईचे अँग्लिकन बिशप झालेले विल्यम लॅश हे तेथील आचार्य होते.

फोन्सेका कॅथलिक, आश्रम अँग्लिकन. आज या भेदाचे फारसे काही वाटत नाही. त्या काळी मात्र कॅथलिकाने अन्य ख्रिस्ती पंथाच्या उपासनेत सहभागी होण्यास धर्मनियमाने मज्जाव होता. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला त्याने तोंड फिरवले, आणि ज्यांच्याशी शतकानुशतके वाद चालला होता त्यांनी निवारा दिला. करुणेचा अर्थ फोन्सेका यांना पुस्तकातून शोधावा लागला नाही. तो त्यांना आश्रमाच्या दारात भेटला. विशेष म्हणजे त्यांनी आपली श्रद्धा बदलली नाही. ते अखेरपर्यंत कॅथलिक राहिले आणि नाकारणाऱ्या चर्चसाठीच चित्रे काढीत राहिले. त्यांच्या चित्रांत कुठेही कडवटपणा नाही, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर अधिक मोलाची ठरते.

पुण्यातली ही वर्षे त्यांच्या निर्मितीचा बहर होती. येशूचा जन्म, मरियेला देवदूताने दिलेला संदेश, शेवटचे भोजन, क्रूसारोहण असे परंपरेने आलेले विषय त्यांनी घेतले. पण माणसे इथली, बसण्या-उठण्याची रीत इथली, वस्त्रे इथली. मरिया हा त्यांचा सर्वांत आवडता विषय. दुःख सोसून शांत झालेली, मुलाला जपणारी ही आई पाहताना प्रेक्षक ख्रिस्ती आहे की नाही, हा प्रश्न मागे पडतो. युरोपातील अनेक थोर तैलचित्रांत वेदना रक्त, घाव आणि अंधार यांतून अंगावर येते. फोन्सेका यांच्याकडे ती संयमाने, जवळजवळ मौनाने येते.

त्यांच्या पाठीशी काही दूरदृष्टीची माणसे उभी राहिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९२६ मध्ये इतिहास संशोधन संस्था स्थापन करणारे स्पॅनिश जेझुइट फादर हेन्री हेरास यांचे नाव त्यांत पहिले. सिंधू संस्कृतीचे हे अभ्यासक ख्रिस्ती कलेने भारतीय रूप घ्यावे याविषयी आग्रही होते; त्यांनी फोन्सेका यांना उत्तेजन दिले आणि त्यांची चित्रे संग्रही ठेवली. गोव्याने झिडकारलेली ही शैली अशा रीतीने मुंबईतल्या एका कॅथलिक संस्थेतच जपली गेली. १९५१ मध्ये आयव्ही मिनेझिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरच्या अनेक मरियाचित्रांत पत्नीच्या मुखाची छाया दिसते. देवाच्या आईचा चेहरा शोधत वणवण केलेल्या चित्रकाराला तो अखेर स्वतःच्या घरात सापडला.

तैलरंग सोडल्याने ख्रिस्ती श्रद्धेला भारतीय रूप मिळाले, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. त्रिंदाद यांच्या कन्या आंजेला त्रिंदाद (१९०९-१९८०) यांनी वडिलांकडून आलेला तैलरंगांचा वारसा जपूनही ख्रिस्ती विषय भारतीय वळणाने रंगवले आणि नाव मिळवले. म्हणजे अडसर माध्यमाचा नव्हता, नजरेचा होता. रंग तेलात कालवला की पाण्यात, यापेक्षा चित्रकार कोणाच्या शेजारी उभा राहून पाहतो याला महत्त्व होते. फोन्सेका यांना हे आधी उमगले आणि त्याची किंमतही त्यांनीच आधी मोजली.

काळ मात्र त्यांच्या बाजूने वळत होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक धर्मजीवनाची दारे-खिडक्या उघडली. उपासनेविषयी १९६३ मध्ये संमत झालेल्या दस्तऐवजाने चर्च कोणतीही एकच कलाशैली आपली मानत नाही आणि सर्व लोकांच्या, सर्व प्रदेशांच्या कलेला चर्चमध्ये मोकळा वाव आहे, असे स्पष्ट केले. लोकभाषेत मिस्सा होऊ लागली. तीस वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी फोन्सेका यांना जन्मगाव सोडावे लागले, तेच आता रोमचे अधिकृत धोरण ठरले. हा बदल पाहायला ते हयात होते. त्याची फळे चाखायला मात्र फार काळ मिळाला नाही. १९६७ च्या अखेरीस पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे पत्नी आयव्ही यांनी चित्रांचा मोठा ठेवा सांभाळला आणि तो गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. ज्या गोव्याने चित्रकाराला ठेवून घेतले नाही, त्याच गोव्याने त्याची चित्रे ठेवून घेतली. शिवाय तीही जेझुइटांच्याच संस्थेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्याच छत्राखाली.

आपल्याकडे कलावंताच्या बंडाची गोष्ट रंगवून सांगण्याची आवड आहे. फोन्सेका यांना बंडखोर म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. त्यांना काही मोडायचे नव्हते. आपल्या गावातल्या शेतात राबणाऱ्या बाईने वेदीसमोर गुडघे टेकले, तर वरून पाहणारी माता तिला परकी वाटू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. दया करणारा आणि दया मागणारा एकमेकांसारखे दिसले, तर त्या दयेत उपकाराचा भाव उरत नाही; ती घरच्या माणसाची माया होते. तैलरंगांतल्या देखण्या, दूरस्थ मूर्तींना जे साधले नाही, ते सांत इस्तेव्हच्या या मितभाषी चित्रकाराने भिजल्या कागदावर साधले.