देवळालीचे कापरेकर गुरुजी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, म्हणून विद्वानांनी बरीच वर्षं त्यांची दखलच घेतली नाही.

त्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र १२३४५६७८९८७६५४३२१ जास्त आवडते. एक हा अंक नऊ वेळा लिहा, त्या संख्येचा वर्ग करा, हीच येते! अशा संख्यांना गुरुजींनी डेम्लो नाव दिलं. डेम्लो म्हणजे आताचं डोंबिवली स्टेशन, तिथेच त्यांना त्या सुचल्या. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने हिला निःशेष भागही जातो. असा भाग जाणाऱ्या संख्यांना ते हर्षद म्हणत.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगात नाव झालं. निवृत्तीला तेरा वर्षं उलटली होती.

मुलांना हा भागाकार वहीतच करू द्या. साध्या कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावत नाहीत.