डडलीचा डंकन

आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांच्या अंगात हल्ली मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी असते. कोणत्या खेळाडूला किती कोटी मिळाले, हे त्यांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ असतं. त्याच संघात एक डंकन एडवर्ड्स होऊन गेला, हे मात्र एकालाही माहीत नव्हतं. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. तरी या मुलाची गोष्ट हाती लागली आणि सोडवेना. त्याला कारण त्याचे आई-वडील. म्हटलं, मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावी.

डंकनचा जन्म १ ऑक्टोबर १९३६चा, इंग्लंडमधल्या डडली या गावातला. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांनी काळवंडलेला तो सगळा मुलूख. वडील ग्लॅडस्टन लोखंडाच्या कारखान्यात कामाला, आई सारा अ‍ॅन घर सांभाळणारी. डंकननंतर त्यांना एक मुलगी झाली, ती १९४७ मध्ये अवघी १४ आठवड्यांची असताना गेली. उरला हा एकुलता एक. पोरगा दिवसभर चेंडू लाथाडत गल्लीतून हिंडायचा, आपल्याकडे गल्लीत क्रिकेट चालतं ना, अगदी तसाच. अंगापिंडाने असा दणकट, की आपल्यापेक्षा मोठ्या मुलांतही तो मोठाच दिसे.

आता एक गंमत सांगते. हा धिप्पाड मुलगा शाळेत लोकनृत्य करायचा! मॉरिस डान्स नावाचा इंग्लंडमधला जुना नाच आहे. त्याच्या राष्ट्रीय महोत्सवासाठी डंकनची निवड झाली आणि नेमकी त्याच दिवशी इंग्लंडच्या शालेय फुटबॉल संघाची निवड चाचणी आली. त्याने फुटबॉल निवडला. एप्रिल १९५० मध्ये, साडेतेरा वर्षांचा असताना, तो वेम्बलीच्या प्रचंड मैदानावर शालेय संघातून वेल्सविरुद्ध खेळला. पुढे त्याच संघाचा कर्णधारही झाला.

मोठमोठ्या क्लबांचा त्याच्यावर डोळा होता. त्याला मँचेस्टर युनायटेड हवा होता आणि १९५२च्या जूनमध्ये तो तिथे दाखल झाला. वय पंधरा. मॅनेजर होते मॅट बस्बी. तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा कोवळी मुलं आणून त्यांना घडवायचं, हा त्यांचा मार्ग. या मुलांना वर्तमानपत्रांनी नाव दिलं ‘बस्बी बेब्स’, म्हणजे बस्बींची बाळं. क्लबने मुलांची सोय स्ट्रेटफर्डमध्ये घरमालकिणीकडे केली होती, जेवण-राहणं एकत्र. फुटबॉल जमला नाही तर पोटापाण्याला काही असावं म्हणून डंकन सुतारकामही शिकायला लागला. मला हे फार आवडलं.

सुतारकामाची गरज पडली नाही. ४ एप्रिल १९५३ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध तो पहिल्या विभागात मैदानात उतरला तेव्हा साडेसोळा वर्षांचा होता. संघ तो सामना ४-१ असा सपाटून हरला, पण डंकनची जागा पक्की होत गेली. त्याची जागा होती डाव्या हाफची. मिडफिल्डर हा शब्द तेव्हा फारसा रुळला नव्हता. पुढे गोल मारणारे, मागे गोल अडवणारे आणि या दोहोंच्या मध्ये राबणारे ते हाफ. आपल्या घरात कसं असतं, पाहुण्यांना चहा देणारीही तीच आणि मागच्या दारी भांडी घासणारीही तीच! डंकनची जागा म्हटलं तर मधली, पण गरज पडली की तो बचावात जाई, गरज पडली की पुढे जाऊन गोल करी. दोन्ही पायांनी खेळायचा, दोन्ही पायांत सारखाच जोर.

२ एप्रिल १९५५ रोजी तो स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडच्या संघातून खेळला. वय १८ वर्षं १८३ दिवस. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडकडून इतक्या लहान वयात कुणीच खेळलं नव्हतं आणि हा विक्रम १९९८पर्यंत टिकला. १९५६च्या मे महिन्यात बर्लिनला पश्चिम जर्मनीविरुद्ध सामना झाला. जर्मनी तेव्हा जगज्जेता. डंकनने चार-दोन जणांना मागे टाकत दुरून असा काही फटका मारला, की जर्मन पत्रकारांनी त्याचं नाव ठेवलं ‘बूम बूम’.

हे सगळं चालू असताना त्याला दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवाही करावी लागली. श्र्यूजबरीजवळच्या छावणीत तो आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला बॉबी चार्ल्टन बरोबर होते. तिथे सुटका कसली, उलट लष्कराच्या संघाकडूनही खेळायचं. क्लब, देश आणि लष्कर मिळून एका मोसमात त्याचे शंभराच्या आसपास सामने झाले, असं सांगतात. आज आपण मुलाला दोन क्लास जास्त लावले तरी जीव वरखाली होतो! त्याला कुणी विचारलं असेल का, बाबा, दमलास का? तो मात्र कधी नाही म्हणायचा नाही. खेळायला मिळतंय यातच खूश.

आणि पैसे? आमच्या अभ्यासिकेतली पोरं इथेच हसली. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती. कितीही मोठा खेळाडू असो, मोसमात आठवड्याला जास्तीत जास्त १५ पौंड, नंतर १७. हजारो माणसं तिकीट काढून यायची, पण खेळणाऱ्याच्या हातात एवढंच. ही मर्यादा उठली १९६१ मध्ये. डंकन तोवर नव्हता. त्याच्याकडे सायकल होती. एकदा बिनदिव्याची सायकल चालवताना पोलिसांनी पकडलं. कोर्टाने पाच शिलिंग दंड केला आणि क्लबने वर दोन आठवड्यांचा पगार कापला! दारूला तो शिवत नसे. सिनेमा, पत्ते आणि गळ टाकून मासे धरणं, एवढीच चैन. लग्नही ठरलं होतं.

१९५६ आणि १९५७, अशी ओळीने दोन वर्षं युनायटेड लीगचा विजेता ठरला. डंकन विशीचाच. १९५७ मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानाच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर होता. तेव्हा युरोपियन कप ही स्पर्धा नवी होती. इंग्लंडच्या लीगवाल्यांना ती नको होती, १९५५ मध्ये चेल्सीला त्यांनी माघार घ्यायला लावली होती. बस्बींनी ऐकलं नाही, संघ उतरवलाच. मात्र बुधवारी परदेशात खेळलात तरी शनिवारच्या लीगच्या सामन्याला हजर राहायला हवं, ही तलवार डोक्यावर. आधीच्या एका फेरीत प्राग शहराहून परतताना धुक्यामुळे खोळंबा झाला होता. म्हणून बेलग्रेडला जाताना क्लबने खास विमान ठरवलं.

५ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडला रेड स्टारविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाली आणि पहिल्या फेरीतल्या विजयामुळे युनायटेड उपान्त्य फेरीत गेला. दुसऱ्या दिवशी परतताना विमान इंधन भरायला म्युनिकला उतरलं. बर्फ पडत होतं. उड्डाणाचा प्रयत्न एकदा फसला, दुसऱ्यांदा फसला. सगळे परत खाली उतरले. आज काही आपण जात नाही असं वाटून डंकनने स्ट्रेटफर्डच्या घरमालकिणीला तार केली, की विमान रद्द झालंय, उद्या येतो. आणि मग सगळ्यांना पुन्हा विमानात बोलावलं गेलं. दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी, तिसऱ्या प्रयत्नात, धावपट्टीवरच्या चिखलबर्फामुळे विमानाला वेग घेता आला नाही आणि ते कुंपण तोडून एका घरावर आदळलं. तार पोचली ती अपघातानंतर.

विमानात ४४ माणसं होती, त्यांतली शेवटी २३ गेली. त्यांत आठ खेळाडू. जर्मन अधिकाऱ्यांनी वैमानिकालाच दोषी धरलं होतं. त्याचं नाव निर्दोष ठरायला पुढची दहाएक वर्षं गेली. तिसऱ्यांदा उडायची एवढी घाई कशाला, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही. शनिवारचा तो सामना नसता, तर रात्रभर थांबले नसते का?

डंकनचे पाय मोडले होते, बरगड्या मोडल्या होते, मूत्रपिंडं निकामी झाली होती. तो पंधरा दिवस झुंजला. कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्र आणलं गेलं. डायलिसिस तेव्हा अगदी नवं. त्याने रक्त शुद्ध होई, पण रक्त गोठण्याची शक्ती कमी होऊन आतून रक्तस्राव सुरू झाला. आई-वडील उशाशी होते. युनायटेडचे सहायक प्रशिक्षक जिमी मर्फी भेटायला आले, तर ग्लानीतच याने त्यांना विचारलं, की शनिवारचा सामना किती वाजता आहे. २१ फेब्रुवारीच्या पहाटे तो गेला. वय २१.

डडलीला त्याला नेलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच हजारांवर माणसं उभी होती. १४ आठवड्यांच्या त्या बहिणीशेजारीच त्याला पुरलं. १९६१ मध्ये तिथल्या चर्चमध्ये त्याची रंगीत काचेची खिडकी बसवली, उद्घाटनाला अपघातातून वाचलेले बस्बी आले होते. १९९९ मध्ये गावच्या बाजारपेठेत त्याचा पुतळा उभा राहिला, तो उघडायला आई होती, सोबत बॉबी चार्ल्टन. मुलगा गेल्यावर ही बाई ४५ वर्षं जगली. २००३ मध्ये गेली.

वडिलांनी डंकननंतर कारखाना सोडला आणि त्याच दफनभूमीत माळीकाम धरलं. मुलासाठीच धरलं, असं लोक म्हणत. ते म्हणायचे, तसं नाही, मला फुलं आवडतात. दर शनिवार-रविवारी दूरदूरहून माणसं यायची आणि झाडांना पाणी घालणाऱ्या त्या म्हाताऱ्याला विचारायची, डंकन एडवर्ड्सची जागा कुठे आहे हो? ते दाखवायचे. आपण कोण, हे सांगायचे नाहीत.