देवीच्या लशीचा जनक

आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर किंवा हातावर नाण्याएवढे गोल वण तुम्ही पाहिले असतील. लहानपणी ‘देवी काढल्या’च्या त्या खुणा होत. एके काळी देवीचा रोग घरोघर शिरत असे. तो ज्यांना होई, त्यांपैकी दहांत सुमारे तिघे दगावत. जे वाचत, त्यांचे चेहरे व्रणांनी विद्रूप होत. कित्येकांची दृष्टी जाई. या रोगाच्या पाडावाचा पाया ज्याने घातला, तो एडवर्ड जेन्नर.

जेन्नरचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील बर्कली या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. एडवर्ड पाच वर्षांचा असतानाच आईवडिलांचे छत्र हरपले व वडील भावाने त्याचा सांभाळ केला.

त्या काळी देवीपासून बचावाचा एकच उपाय होता. रोग्याच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या कातडीवर चरा पाडून त्यात भरीत. त्यामुळे बहुधा सौम्य देवी येत व पुन्हा त्या रोगाचे भय राहत नसे. परंतु काही जण याच उपायाने प्राणास मुकत आणि त्यांच्यापासून रोगही पसरे. आठव्या वर्षी एडवर्डलाही हे दिव्य करावे लागले. कित्येक आठवडे त्याला अर्धपोटी ठेवले, त्याचे रक्त काढले आणि मग इतर मुलांबरोबर तबेल्यात कोंडले. त्या यातना तो कधीही विसरला नाही.

पुढे त्याने एका खेड्यातील शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १७७० मध्ये लंडनला जॉन हंटर या थोर शस्त्रवैद्याचे शिष्यत्व पत्करले. तर्कावर विसंबू नये, स्वतः पाहावे आणि पारखून घ्यावे, हा धडा त्याला तेथे मिळाला. शिक्षण संपताच लंडनचा मोह सोडून तो आपल्या गावी परतला.

गाईंच्या सडांवर कधी कधी फोड येत व दूध काढणाऱ्यांच्या हातांनाही ते होत. यास गोस्तनदेवी म्हणत. ज्यांना त्या येऊन गेल्या, त्यांना खऱ्या देवी येत नाहीत, असा खेडुतांचा अनुभव होता. एका शेतकऱ्याने तर १७७४ मध्ये याच विश्वासाने आपल्या पत्नीला व मुलांना ते फोड टोचले होते. परंतु विद्वान वैद्य या गोष्टी हसण्यावारी नेत. जेन्नरने मात्र वर्षानुवर्षे अशा माणसांची टिपणे ठेवली.

१४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव जेन्नरने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. हा त्याच्या माळ्याचा मुलगा. त्याला थोडा ताप आला व तो बरा झाला. १ जुलै रोजी जेन्नरने त्यास खऱ्या देवीचा पू टोचला. समज खोटा ठरता, तर त्या निरपराध बालकाचे काय झाले असते? सुदैवाने जेम्सला देवी आल्या नाहीत. मात्र असा प्रयोग आज कोणत्याही बालकावर करता येणार नाही, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

इंग्लंडमधील विद्वानांच्या रॉयल सोसायटीने एवढ्याशा पुराव्यावर लेख छापण्याचे नाकारले. जेन्नर निराश झाला नाही. आणखी पुरावा जमवून १७९८ मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तक प्रसिद्ध केले. लस टोचलेल्या माणसांच्या अंगांतून गाई उगवत आहेत, अशी व्यंगचित्रेही निघाली. पण लशीचा गुण लपून राहिला नाही. बगदाद व बसरामार्गे ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या दंडावरून ती इतरांना मिळाली. पार्लमेंटने जेन्नरला १८०२ मध्ये दहा हजार व १८०७ मध्ये वीस हजार पौंड दिले. आपल्या बागेतील एका झोपडीवजा घरात तो गोरगरिबांना फुकट लस टोचीत असे. जेम्सलाही त्याने राहण्यास घर दिले.

ही लस गुणकारी का ठरते, हे जेन्नरला कधीच कळले नाही. कारण विषाणूंचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. देवीचा व गोस्तनदेवीचा विषाणू हे एकाच घराण्यातील भाऊबंद होत. सौम्य भावाशी झुंजताना शरीर त्या घराण्याची ओळख ठेवते आणि पुढे उग्र भाऊ आला, की त्यालाही अडविते. जेन्नरची नजर याहून पुढेही गेली होती. अंगावर नागिणीसारखे पुरळ असले, तर लस नीट उठत नाही, असे त्याने १८०४ मध्ये नोंदविले. एक विषाणू दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो, याची ही फार जुनी नोंद मानतात. पेशीत शिरलेल्या एका विषाणूमुळे दुसऱ्याला अटकाव करणारे द्रव्य कसे तयार होते, हे लंडनमधील संशोधकांनी १९५७ मध्ये दाखविले.

२६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर बर्कली येथेच निवर्तला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. म्हणूनच तुमच्या दंडावर तो गोल वण नाही. खेडुतांचा अनुभव तुच्छ न मानता तो धीराने पारखून पाहणाऱ्या एका ग्रामीण वैद्याची ही देणगी आहे.