सहा घोडे, दहा घोडे अन् शंभराचं कर्ज : पाटणच्या भास्कराचार्यांची गोष्ट

चाळीसगाव : पाटणादेवीला नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. दर्शन होतं, डोंगरासमोर फोटो निघतात, गाड्या परत फिरतात. याच पाटणला आठशे वर्षांपूर्वी एक मठ सुरू झाला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मठात शिकवायचं काय, तर मुख्यतः एकाच माणसाचे ग्रंथ. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. जुन्या काळच्या माणसाची जन्मतारीख सहसा सापडत नाही, पण भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष स्वतःच लिहून ठेवलं. गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर. हे विज्जडविड नेमकं कुठलं, यावर वाद आहे. खानदेशातली माणसं पाटणकडे बोट दाखवतात, कुणी कर्नाटकातलं विजापूर म्हणतं. वडील ज्योतिषी होते. गणित आणि ग्रहांचा हिशोब पोरानं घरातच, बापाजवळ बसून शिकला.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्याचे चार भाग मानतात : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. आज आठवी-नववीच्या पोरांना घाम फोडणारं 'क्ष काढा' हे प्रकरण भास्कराचार्यांनी बीजगणितात मांडलं. फक्त त्यांच्याकडे क्ष नव्हता. जी संख्या माहीत नाही तिला ते यावत्-तावत् म्हणायचे, म्हणजे जेवढं असेल तेवढं. लिहिताना नुसतं 'या'. माहीत असलेल्या आकड्याला रूप, लिहिताना 'रू'. आणि वजा आकडा असला की त्याच्या डोक्यावर एक टिंब. धन म्हणजे जवळचा पैसा आणि ऋण म्हणजे देणं, हे त्यांच्याही पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्तानं मांडलेलं होतं. भास्कराचार्यांनी ते सोपं करून सांगितलं.

त्यांचं एक गणित असं. एका माणसाजवळ ३०० रोख आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तसलेच १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० चं कर्ज आहे. दोघांची मालमत्ता मात्र सारखीच भरते. तर एका घोड्याची किंमत किती?

घोड्याच्या जागी बैल धरला तरी चालेल, गणित तेच राहतं. भास्कराचार्य दोन्ही बाजू एकाखाली एक मांडायचे. वर या ६, रू ३००. खाली या १०, रू १०० आणि त्या शंभरावर टिंब. मग पहिली पायरी : दोघांकडून सहा-सहा घोडे बाजूला काढायचे. दोघांचंही सारखंच कमी झालं, म्हणून बरोबरी मोडत नाही. आता एकाकडे ३०० रोख उरले, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि १०० चं देणं. ते देणं फिटावं म्हणून दोघांनाही शंभर-शंभर द्यायचे. एकाकडे ४०० झाले, दुसऱ्याकडे नुसते ४ घोडे. दुसरी पायरी : चारनं भागायचं. घोडा १०० चा. ताळा करून बघा. सहा घोड्यांचे ६०० आणि रोख ३००, झाले ९००. दहा घोड्यांचे १०००, त्यातून कर्ज १०० गेलं, ९०० च राहिले.

दोन्हीकडे सारखंच करायचं, ही यातली खरी गोम आहे. शाळेत पोरांना 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' एवढंच पाठ करायला लावलं, की चिन्ह का बदलतं हे पोरगं विसरतं अन् शाब्दिक उदाहरण आलं की अडतं. गावातला हिशोब मात्र हेच पोरगं बरोबर करतं. टेम्पोवाला गाडी लावायचे ३०० घेतो आणि पुढं किलोमीटरला २०. बिल ९०० झालं, तर गाडी किती फिरली? आधी ३०० काढले, ६०० राहिले, वीसनं भागले, ३० किलोमीटर. पेन न उचलता उत्तर येतं.

लीलावतीत तर समीकरण न मांडताही वाट काढलेली आहे. कमळांच्या एका राशीतला तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरलेली ६ कमळं गुरूंना दिली. एकूण कमळं किती? इथं भास्कराचार्य एक सोयीचा आकडा धरून चालायला सांगतात. समजा ६० धरली. हिस्से झाले २०, १२, १० आणि १५, म्हणजे ५७. उरली ३. पण गणितात उरलेली ६ आहेत, दुप्पट. म्हणून मूळची राशही दुप्पट, १२० कमळं. या रीतीला इष्टकर्म म्हणतात.

लीलावती ही त्यांची मुलगी, लग्नाच्या मुहूर्ताच्या वेळी घटिकापात्राच्या भोकात मोती अडकला, वेळ टळली आणि तिचं दुःख हलकं करायला बापानं हा ग्रंथ लिहिला, अशी गोष्ट घरोघरी सांगतात. गोष्ट गोड आहे, पण भास्कराचार्यांच्या लिखाणात ती कुठंच नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या सुरुवातीला ती येते. पुढं १८१७ मध्ये कोलब्रुक या इंग्रजानं लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत नेलं.

एवढं सगळं लिहूनही चिन्हं अन् अक्षरं म्हणजे बीजगणित, असं ते मानत नव्हते. खरं बीज माणसाची बुद्धी, अक्षरं ही ज्याला चटकन दिसत नाही त्याच्यासाठी केलेली सोय, असं त्यांचं मत. हुशारांसाठी लिहिणारे पंडित पुष्कळ झाले. भास्कराचार्यांनी मंद समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याचाही विचार केला, म्हणूनच त्यांचे ग्रंथ शतकानुशतकं पाठशाळांत चालले.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रहगणिताचा सोपा ग्रंथ केला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाळानं आपल्या दरबारी नेलं. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांची विद्या टिकावी म्हणून यानंच पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं मठाला दान दिलं.

हे सारं पाटणच्या शिलालेखात कोरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढं आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, मठाला गावच्या बाजारातून काय द्यायचं आणि तेल्यानं घाण्यामागं किती तेल घालायचं, हा हिशोब आला तिथं भाषा बदलते. तो भाग त्या काळच्या मराठीत आहे.