डॉक्टर ज्यां इतार ह्यांचे चरित्र

हाकेस ओ न देणाऱ्या मुलास आपण झटकन बहिरा म्हणतो, व बोलता न येणाऱ्यास वेडा ठरवितो. ही घाई किती घातक आहे, हे ज्यां इतार ह्या फ्रेंच वैद्याच्या चरित्रावरून कळून येते.

इतार ह्यांचा जन्म १७७४ साली झाला. १८०० साली ते पॅरिस शहरातील बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेचे वैद्य झाले. त्याच वर्षी अवेरों प्रांतातील रानात सापडलेला सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा तेथे आणला होता. तो जन्मतःच मंदबुद्धी असून सुधारणार नाही, असा थोर वैद्यांचा अभिप्राय पडला. इतार ह्यांनी मात्र आधी नीट निरीक्षण केले. जवळ पिस्तूल झाडले तरी मुलगा फारसा विचलित होत नसे. पण आवडीचा अक्रोड कोणी हळूच फोडला, की तो तत्काळ मागे वळे. कान शाबूत होते; पुष्कळशा आवाजांस त्याच्या लेखी अर्थच नव्हता.

इतार ह्यांनी त्याचे नाव व्हिक्टर ठेवले व सुमारे पाच वर्षे त्यास शिकविले. तो अक्षरे जुळवून दूध मागू लागला, परंतु बोलू लागला नाही. अखेर इतार ह्यांनी तो प्रयत्न सोडला. शाळेतील मुले खुणांनी बोलत असता व्हिक्टरास खुणांची भाषा शिकविली नाही, ही त्यांची मोठी चूक होय. बहिऱ्या मुलांच्या कानांवर त्यांनी केलेले क्लेशदायक उपचारही निष्फळ ठरले. पुढे मात्र त्यांनी खुणांची योग्यता मान्य केली.

व्हिक्टरास सांभाळण्यासाठी गेरँ बाई नेमल्या होत्या. त्यांचे यजमान वारल्यावर एके दिवशी व्हिक्टराने नेहमीप्रमाणे यजमानांचेही ताट मांडले. बाईंस रडताना पाहून त्याने ते मुकाट्याने उचलले, व पुन्हा कधी मांडले नाही. ज्यास बुद्धी नाही असे म्हणत, त्यास दुसऱ्याचे दुःख कळले होते. १८२८ साली व्हिक्टर मरण पावला, तोवर बाईंनी त्यास अंतर दिले नाही.

इतार १८३८ साली निवर्तले. त्यांचे शिष्य सेगँ ह्यांनी ही विद्या अमेरिकेत नेली. पुढे मारिया माँटेसरी ह्यांनी दोघांचे ग्रंथ अभ्यासिले, व १९३९ पासून हिंदुस्थानात शिक्षकांस प्रशिक्षण दिले.

वाचकहो, मंदबुद्धी माणसांत ऐकू कमी येण्याचा दोष पुष्कळांस असतो, व तो सहसा ध्यानात येत नाही. म्हणून अशांची सेवा करणाऱ्याने प्रथम त्यांचे कान तपासून घ्यावे. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. खुणांचा उपयोग करावा. आणि त्यांचा अक्रोड कोणता, ह्याचा धीराने शोध घ्यावा.